बिंदू चारशे सतरा

दम्माम, पहाटेचे साडेपाच.
हवा इतकी दमट की भिंगाची काच
पुसून होईतो पुन्हा धुरकटते.
मोजणीच्या या यंत्राला टोटल स्टेशन म्हणतात.
बंदराकडून येणाऱ्या जुन्या मालगाडीच्या फाट्यावर
आता एवढं एकच स्टेशन उरलंय,
तेही तीन पायांवर, आणि उन्हं चढली की पेटीत जाणारं.

काम सोपं आहे.
साडेचार किलोमीटर रूळ, दोन्हीकडे बारा-बारा मीटर,
जे आहे ते टिपायचं.
मग ऑफिसात कुणीतरी त्यावर काढेल
चालायची वाट, सायकलींची वेगळी,
कापडी सावल्या, मेट्रोचा थांबा,
थांब्याभोवती पाच मिनिटांच्या वर्तुळात
गॅलऱ्या असलेली घरं.
वर्तुळ कंपासनं काढतात, म्हणून गोल.
पाच मिनिटं कुणाच्या पायांची ते लिहीत नाहीत,
आणि जानेवारीतली की ऑगस्टातली, तेही.

अब्बास सर्गुरोह सहाला येतो. हर्णैचा.
एकतीस वर्षं याच फाट्यावर,
कागदावर गँगमन, प्रत्यक्षात झाडूवाला.
"गाडी काय, आठवड्यातनं तीनदा. वाळू रोज."
रात्री वारा सुटला की पहाटे रूळ नाहीसे.
मग फावडं, मग झाडू, मग उकिडवं बसून
सांध्यांतले कण बोटांनी.
"नव्या सुनेगत झाडलां," म्हणतो, आणि हसत नाही.

रुळांतलं अंतर मला पाठ आहे:
चौदाशे पस्तीस मिलिमीटर.
तो पावलाला पाऊल जोडत जातो:
"पाच पावलां नि एक अंगठो."
मी टेप लावली. बरोबर.

दोन किलोमीटर एकशे ऐंशीवर, रुळांच्या मधोमध,
झाड.
तिथे टाकीचा नळ होता, वायसर कधी बदललं नाही,
आणि कुणीतरी बोर खाऊन बी थुंकली.
इथे सिद्र म्हणतात. काटा तोच,
आंबटपणा जरा कमी.
तू लावलंस?
"माझां न्हाय. नळाचां."

शेजारी नकाशात एक करडा चौकोन.
'तात्पुरती बांधकामे, हटवणे.'
चौकोनात सोळा खाटा, एक शेगडी,
आणि तेरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
त्यातलं जहाज चांगलं आहे म्हणून ठेवलेलं.
खाटेसाठी माझ्या यादीत कोड नाही.
झाडासाठी आहे.
मी झाड एकदा नाही, नऊदा टिपलं.
खोड, घेर, फांद्या,
सावलीची कड सकाळी,
सावलीची कड दुपारी, जी कुणी मागितली नव्हती.
बिंदू ४१७ ते ४२५.
शेरा: जतन करणे.
शेरा लिहायचा अधिकार मला नाही.

अब्बासचा इकामा संपला, तो गेला.
रूळ कापून नेले. चाळीस फूट तेवढे शोभेला ठेवले,
त्यांना काळा चकचकीत रंग,
गाडी धावत होती तेव्हा कधी न मिळालेला.
आता संध्याकाळी बायका अबाया सावरत भरभर चालतात,
एक फिलिपिनो नर्स सँडविच खात ड्यूटीला जाते,
आणि वाट सरळ येता येता
त्या जागी उगाच डावीकडे सरकते,
दोन मीटर, मग पुन्हा सरळ.
पोरं तिथे सायकलची घंटी वाजवतात.
माझा शेरा कुणी वाचला,
की खोड उपटायचं कंत्राट महाग पडलं?
मी विचारलं नाही.

करड्या चौकोनात पार्किंग झालंय.
खाटा जुबैलच्या रस्त्याला गेल्या म्हणतात.
वर्तुळाबाहेर. बसनं दीड तास.

परवा हर्णैहून फोन. मागे मासळीचा लिलाव.
मला वाटलं, बोरांचं विचारेल.
"वाळू कोण झाडतंय रे आता?"
मशीन येतं, म्हटलं. पिवळं. रात्री दोनला.
लिलावात कुणीतरी पापलेट सोडून दिलं तेवढा वेळ तो गप्प.
"मशीनला सांध्यातली जमत न्हाय."

शुक्रवारी गेलो. झाडाच्या आळ्यापाशी
उकिडवा बसलो,
फरशीच्या सांध्यात बोट घातलं.
होती.